ट्रीटमेंट किती टिकते?

2020 साली दोन शब्द घराघरांत शिरले, कोरोना आणि प्लाझ्मा. एक आजाराचा, दुसरा बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या पिवळसर द्रवाचा. सुरतेतल्या काही कारखान्यांत मात्र हे दोन्ही शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून कामाला होते. प्लास्टिकच्या फिल्मवर छपाई करणाऱ्या शेडमध्ये छपाईआधी फिल्मला 'कोरोना' द्यावा लागतो. आणि प्रयोगशाळेत हिरे वाढवणाऱ्या कारखान्यात सगळा खेळच प्लाझ्माचा. या शेडमधून काम करणाऱ्यांत नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं कमी नाहीत. भुसावळ-सुरत गाडीनं उधन्याला उतरलेल्या दोन-तीन पिढ्या लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात राहतात, घरात अहिराणी आणि कामावर गुजराती बोलतात. त्यांच्यापैकी कुणाला 'कोरोना ट्रीटमेंट' म्हटलं की आजही आधी मशीन आठवतं, मग आजार.

कारखान्यातले हे दोन्ही शब्द एकाच वस्तूची दोन रूपं सांगतात. वायूला पुरेशी वीज दिली की त्याच्या अणूंमधले काही इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरू लागतात आणि वायू उजळतो. वीज चमकते तेव्हा, ट्यूबलाइट लागते तेव्हा हेच होत असतं. 1928 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी या उजळलेल्या वायूला प्लाझ्मा म्हटलं. त्यांच्या एका सहकाऱ्यानं पुढे आठवण लिहिली, की रक्तातला द्रव जसा तांबड्या-पांढऱ्या पेशी वाहून नेतो, तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, हे पाहून लँगम्युअरना तो शब्द सुचला. म्हणजे रक्तातला आणि विजेतला असे दोन प्लाझ्मा एकाच नावाखाली आले, त्याचं मूळ नाव ठेवणाऱ्याच्याच मनात होतं.

हिऱ्यांच्या कारखान्यातला प्लाझ्मा तापट. बंद पात्रात मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतात त्याच जातीच्या लहरी त्यावर टाकतात, आणि काचेच्या खिडकीआड एक प्रखर गोळा पेटतो. त्याच्याखाली हिऱ्याच्या पातळ चकत्या ठेवलेल्या असतात, कारागीर त्यांना 'सीड' म्हणतात. त्यांच्यावर कार्बनचा थर चढत जातो, दिवसच्या दिवस. चकतीचं तापमान आठशे-हजार अंशांच्या घरात. जून 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा सुरतेतच वाढवलेला होता. या प्लाझ्माजवळ बोट नेण्याचा विचारही कुणी करणार नाही.

छपाईच्या शेडमधला प्लाझ्मा वेगळ्या स्वभावाचा. पॉलिथिनची फिल्म मुळात तेलकट स्वभावाची असते. तिच्यावर शाई टाकली तर अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते. म्हणून छपाईआधी फिल्म एका रोलरवरून नेतात, आणि रोलरपासून एक-दोन मिलिमीटरवर असलेल्या पट्टीत हजारो व्होल्टचा, वेगानं उलटसुलट होणारा दाब देतात. मधल्या हवेत जांभळट झगमग होते, हाच तो कोरोना, आणि ओझोनचा तिखट वास येतो. फिल्म जळत नाही, वितळतही नाही. पृष्ठभागावरचे काही रासायनिक बंध तेवढे तुटतात, तिथे ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि शाई धरू लागते. याच तत्त्वावर वेर्नर फॉन सीमेन्स यांनी 1857 मध्ये ओझोन बनवायची नळी केली होती. दोन विद्युतवाहकांमध्ये काच ठेवायची. काच प्रवाहाला मोकळी वाट देत नाही, त्यामुळे प्रत्येक ठिणगी सेकंदाच्या काही अब्जांशांत विझते आणि वायूला तापायला सवडच मिळत नाही.

तरीही या झगमगाटातल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान काढलं तर वीस-पंचवीस हजार अंश येतं. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त. मग हाताला चटका का बसत नाही? फुलबाजीच्या ठिणग्या आठवा. त्या लालभडक असतात, तरी मनगटावर पडल्या तर फार तर टोचतात, कारण ठिणगीत वस्तुमान नगण्य. इलेक्ट्रॉनचं तसंच आहे. हेलियमचा अणू त्याच्या सात हजार पटींहून जड, त्यामुळे इलेक्ट्रॉन त्याच्यावर आपटला तरी बैलगाडीवर गोटी आपटावी तसा उडून जातो, गाडी जागची हलत नाही. शिवाय असे सुटे इलेक्ट्रॉन वायूच्या अफाट गर्दीत अगदी मोजके. म्हणून एकूण वायू तीस-चाळीस अंशांवर राहतो. याला थंड प्लाझ्मा म्हणतात. पेनाएवढ्या नळीतून आरगॉन किंवा हेलियम सोडून त्याची झोत काढली, की ती निळसर ज्योत बोटावर धरता येते.

ही झोत कर्करोगावरही आजमावली जाते आहे. तो संबंध सुरतेतल्याच एका वस्तूपासून जोडता येईल, ती म्हणजे पानटपरीवर लटकणारी पाऊचची माळ. गुजरातेत आणि महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, त्यानंतर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, असा सोयीचा संसार सुरू झाला. या छापील फिल्मवर शाई धरावी म्हणून आधी कुठेतरी तिला कोरोना दिलेला असण्याचीच शक्यता जास्त. बारा तासांची लूमची पाळी करणारा माणूस ती पुडी फाडतो, नाहीतर मावा चोळून गालात ठेवतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात गुजरातेत 25.1 आणि महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. भारतात ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण होतात असा 2022 चा जागतिक अंदाज आहे, आणि पुरुषांत हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे तो बहुतेकदा गालाच्या आतल्या बाजूला धरतो, जिथे पुडीतला माल तासन् तास बसलेला असतो तिथेच. नेमकी हीच जागा थंड प्लाझ्माच्या झोतीला सहज पोहोचता येण्यासारखी आहे.

जर्मनीच्या ईशान्य टोकाला, बाल्टिक समुद्राजवळ ग्राइफ्सवाल्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आरगॉनच्या झोतीचं एक उपकरण तयार झालं आणि 2013 मध्ये त्याला युरोपात वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. ही मान्यता जखमांसाठी होती. महिनोन् महिने न भरणाऱ्या जखमेतले जंतू थंड प्लाझ्मा मारतो आणि त्वचेला भरून यायला चालना देतो. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर जर्मनीत रीतसर तुलनात्मक चाचणी झाली आणि 2020 मध्ये तिचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एवढ्या भागाला आता बऱ्यापैकी आधार आहे.

कर्करोगाकडे ही मंडळी जखमेच्याच वाटेनं गेली. तोंडाचा कर्करोग फार वाढला की गाठ फुटते, तिच्यात जंतू होतात आणि असह्य दुर्गंधी येते. ज्यांच्या घरात असा रुग्ण होऊन गेला त्यांना हे सांगायला नको. दुखण्यापेक्षाही वासानं माणूस एकटा पडतो, नातवंडंसुद्धा खोलीत यायला बिचकतात. ग्राइफ्सवाल्डचे मुखशल्यचिकित्सक हान्स-रोबर्ट मेटेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेवटच्या टप्प्यातल्या जखमांवर झोत फिरवली ती जंतू आणि वास कमी व्हावा म्हणून. वास कमी झाला, वेदनाशामकांची गरजही काहींची कमी झाली. आणि मग अपेक्षा नसलेली गोष्ट दिसली, की काही रुग्णांत गाठच आक्रसली. 2018 मध्ये त्यांनी सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोघांत गाठ निदान नऊ महिने अंशतः आटलेली राहिली. सहापैकी दोन. या आकड्यावर इमारत बांधता येत नाही, पण तो झटकूनही टाकता येत नाही.

प्लाझ्माची झोत पेशीपर्यंत पोहोचते तरी कशी, या प्रश्नाशी या विषयाची खरी गंमत सुरू होते. शरीरात कोरडं असं काही नाही. गालाच्या आत लाळ, जखमेवर लस, पेशीभोवती द्रव. म्हणजे झोत आधी पाण्याला भेटते. हवेतल्या ऑक्सिजन, नायट्रोजन आणि बाष्पापासून तिनं बनवलेली चपळ द्रव्यं पाण्यात उतरतात. हायड्रॉक्सिलसारखी काही पापणी लवायच्या आत संपतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट ही मागे राहतात. संशोधकांच्या मनात साहजिकच आलं, की काम पाणीच करत असेल, तर झोत रुग्णापर्यंत न्यायची गरज काय? आधी बाटलीतच पाण्यावर झोत फिरवावी आणि नंतर ते पाणी वापरावं.

जपानमधल्या नागोया विद्यापीठात हिरोमासा तानाका, मासारू होरी आणि सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. पेशी वाढवायच्या पोषक द्रवावर काही मिनिटं प्लाझ्मा फिरवला आणि तो द्रव मेंदूच्या कर्कपेशींवर टाकला. 2011 मध्ये त्यांनी लिहिलं, की कर्कपेशी मेल्या, निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचल्या. 2013 मध्ये केमोथेरपीला दाद न देणाऱ्या बीजांडकोशाच्या कर्करोगावर उंदरांत हा द्रव वापरून गाठींची वाढ मंदावलेली दिसली. पण पोषक द्रव माणसाच्या शरीरात सोडता येत नाही. म्हणून 2016 मध्ये त्यांनी असा द्रव निवडला जो प्रत्येक दवाखान्यात टांगलेला असतो, रिंगर लॅक्टेट. आपण ज्याला सरसकट 'सलाईन' म्हणतो आणि डॉक्टर 'आरएल' लिहितात, तीच बाटली. जुलाबानं गळालेल्या पोरापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत सगळ्यांना लागणारी. तिच्यातल्या घटकांपैकी प्लाझ्मा लॅक्टेटवर काम करतो आणि त्यापासून कर्कपेशींना मारक ठरणारी नवी द्रव्यं बनतात, असं त्यांना आढळलं.

मला या सगळ्या कथेत ही निवड सर्वांत शहाणपणाची वाटते. नव्या औषधाला आधी शरीरात चालतं का हे सिद्ध करावं लागतं. आरएलनं ती परीक्षा केव्हाच दिलेली आहे.

कर्कपेशी मरते आणि शेजारची वाचते, ती का? प्रचलित उत्तर लूमच्या शेडमध्ये कळेल असं आहे. कर्कपेशी म्हणजे मालकानं क्षमतेबाहेर पळवलेली मोटर. ती सतत वाढत असते, त्यामुळे तिच्या आत पेरॉक्साइडसारख्या दाहक द्रव्यांची पातळी आधीच चढलेली. जेमतेम शिल्लक राखून ती चालते. बाहेरून थोडा भार आला की तिची तार जळते, नीट चालणारी मोटर तेवढा भार सहन करून जाते. शिवाय अनेक कर्कपेशींच्या आवरणात पाणी आत घेणाऱ्या वाटा जास्त असतात आणि पेरॉक्साइड त्यांतूनच आत शिरतं. अशा रीतीनं मेलेल्या पेशी मरताना काही खुणा बाहेर टाकतात आणि त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती जागी होते, असेही पुरावे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलेले आहेत.

उत्तर आकर्षक आहे, म्हणूनच त्याला चिमटा काढून पाहायला हवा. कर्कपेशी एका द्रवात वाढवल्या आणि निरोगी पेशी दुसऱ्या, अधिक सकस द्रवात, तर तुलना लबाडीची होते, कारण तो सकस द्रव स्वतःच पेरॉक्साइड गिळतो. सुरुवातीच्या काही प्रयोगांत ही चूक होती आणि ती याच क्षेत्रातल्या लोकांनी दाखवली. दुसरी शंका कुणालाही येईल अशी. सगळं काम पेरॉक्साइडच करत असेल, तर औषधाच्या दुकानातली चाळीस रुपयांची बाटली काय वाईट? अनेक प्रयोगांत नुसत्या पेरॉक्साइडनं बराचसा परिणाम खरोखरच मिळाला. त्याच्या जोडीला नायट्राइट आलं की परिणाम वाढतो, आणि आरएलच्या बाबतीत लॅक्टेटपासून झालेली द्रव्यं वेगळ्या मार्गानं काम करतात, एवढा फरक आतापर्यंत दिसलेला आहे. तो पुरेसा आहे का, यावरच सगळा डाव आहे.

तिसरी अडचण आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. गुडघा फुटला की जखमेवर पेरॉक्साइड ओतायचे आणि पांढरा फेस यायचा. तो फेस म्हणजे रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज नावाच्या विकरानं पेरॉक्साइड फोडून सोडलेला ऑक्सिजन. प्लाझ्मा दिलेलं आरएल शिरेतून चढवलं तर त्यातल्या पेरॉक्साइडची गाठ या कॅटलेजशी पडणार आणि ते गाठीपर्यंत पोहोचायच्या आत संपणार. म्हणून नागोयाच्या लोकांचा रोख शिरेवर नसून पोटाच्या पोकळीवर आहे. बीजांडकोशाचा, जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग पसरला की पोटाच्या आवरणावर बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक गाठी उठतात. त्या शेकडो असतात, सुरीनं किती काढणार? आज अशा वेळी शस्त्रक्रियेनंतर काही ठिकाणी कोमट केलेलं केमोथेरपीचं औषध पोटात खेळवतात. त्याच जागी प्लाझ्मा दिलेलं आरएल खेळवावं, ही कल्पना. उंदरांमध्ये असं धुतल्यावर पोटातला फैलाव कमी झालेला दिसला आहे.

माणसांवर थेट झोतीचा एक प्रयोग अमेरिकेतल्या शिकागोच्या आणि इस्राएलच्या प्रत्येकी एका मोठ्या रुग्णालयात 2020-21 मध्ये झाला. वीस रुग्ण, सगळ्यांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यातला किंवा पुन्हा उलटलेला. शल्यचिकित्सकांनी आधी गाठ काढली आणि मग ती जिथे होती तिथल्या कडांवर हेलियमची झोत फिरवली, मागे राहिलेल्या पेशींसाठी. ही पहिल्या टप्प्याची चाचणी होती. तिचा प्रश्न एवढाच, की यानं अपाय होतो का? तो झाला नाही. उपयोग किती होतो, हे मोठ्या चाचण्या सांगतात, आणि तोवर तोंडाच्या कर्करोगाची वाट जुनीच आहे, शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो. त्यात लवकर पकडलेली गाठ आजही सुरीनं बरी होते. तोंडात न भरणारा फोड किंवा पांढरा डाग तीन आठवड्यांवर राहिला तर प्लाझ्माची बातमी शोधत बसू नये, तोंड उघडून दाखवायला जावं.

आपल्याकडे प्लाझ्माचं मोठं घर सुरतेपासून काही तासांवर आहे. गांधीनगरजवळ भाट इथे 1986 मध्ये प्रेधिमान कृष्ण कौ यांच्या नेतृत्वाखाली प्लाझ्मा संशोधन संस्था उभी राहिली, सूर्यातली ऊर्जा पृथ्वीवर बांधायच्या स्वप्नासाठी. 'आदित्य' हे तिचं पहिलं मोठं यंत्र 1989 मध्ये चालू झालं. उद्योगांना प्लाझ्मा वापरायला शिकवणारं तिचं वेगळं केंद्र 1997 पासून आहे. याच संस्थेत अलीकडे प्लाझ्मा दिलेल्या पाण्यावर बरंच काम झालं आहे, ते जंतू आणि बुरशी मारण्यासाठी आणि बियाणं जोमानं रुजावं म्हणून. मुंबईतल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत तांदळासारख्या धान्यांवर थंड प्लाझ्माचे प्रयोग झाले. लाखो अंशांच्या यंत्रापासून भिजवलेल्या बियाण्यापर्यंतचा हा उतार मला फार आवडतो. पण बियाण्याला चालणारं पाणी घोटभर प्यायल्यानं कर्करोग बरा होतो, असं म्हणणारा विक्रेता दारात आला तर त्याला ओळखायला वेळ लागू नये. पोटात गेलेलं असं पाणी पेशींपर्यंत प्लाझ्मा नेत नाही. त्यात असतं ते थोडं पेरॉक्साइड, थोडं आम्ल आणि नायट्रेट.

या उपचाराचा खरा पेच मात्र मारक शक्तीचा नाही, मापाचा आहे. गोळीवर मिलिग्रॅम लिहिलेले असतात, रेडिएशनला ग्रे हे एकक आहे. प्लाझ्माला अजून सर्वमान्य एकक नाही. झोतीचं तोंड पाच मिलिमीटरवर धरलं की दहा, वायू कुठला, किती वेगानं, विजेचा दाब किती, भांडं केवढं, द्रवात मीठ कोणतं, यांतलं काहीही बदललं की बाटलीत वेगळंच मिश्रण तयार होतं. हवेतलं बाष्पही मोजावं लागतं. जुलैत तापीवरून ओला वारा वाहत असताना सुरतेत चालवलेली झोत आणि त्याच खोलीत डिसेंबरात चालवलेली झोत यांची द्रव्यं सारखी निघणार नाहीत. नागोयाची बाटली आणि ग्राइफ्सवाल्डचं पेन यांची तुलना त्यामुळेच अवघड होते. आणि बाटलीचा परिणाम टिकतही नाही. साध्या तापमानाला पोषक द्रवाची ताकद काही तासांतच ओसरू लागते, उणे 80 अंशांत गोठवली तर ती जास्त राहते.

ओसरण्याची ही गोष्ट छपाईवाल्याला सांगितली तर त्याला अजिबात नवल वाटत नाही. फिल्मचंही तेच. आज कोरोना दिलेला रोल गोदामात पडून राहिला की महिन्या-दोन महिन्यांत 'ट्रीटमेंट उतरते', आणि त्यावर छापलं तर शाई चिकटपट्टीबरोबर सोलून येते. म्हणून रोल मशीनवर चढवण्याआधी ऑपरेटर खिशातून एक पेन काढतो. डाईन पेन. त्याच्यातल्या शाईचा पृष्ठताण ठरलेला असतो, छपाईला साधारण 38 डाईन लागतो, कोऱ्या पॉलिथिनचा 31 च्या आसपास. तो फिल्मवर एक रेघ ओढतो आणि मनात दोन आकडे मोजतो. रेघ सलग राहिली तर रोल चढतो. थेंबांत फुटली तर रोल परत जातो, मालक कितीही घाईत असला तरी.

नागोयाच्या बाटलीसाठी असं पेन अजून कुणी बनवलेलं नाही.